डावीकडच्या विटा

दुकानात तिला सगळे ताई म्हणत. लेन्स दुरुस्तीत तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून ती जागेवर बसवायची तेव्हा श्वास अडकायचा तो बघणाऱ्याचा. आणि याच बाईला घरी अजून ‘भूकंप’ म्हणत. धाकटा दीर तर तिच्याकडून चहाचा कप घेताना मुद्दाम दोन्ही हात पुढे करायचा. वर हसायचाही मेला.

हे नाव म्हणजे सरांची देणगी. सर हे फोटोग्राफी क्लबचे सर्वेसर्वा, डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी नावाजलेले. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी आपली जुनी टेलिफोटो लेन्स तिच्या गळ्यात मारली. “दूरच्या डोंगररांगा कशा एकीला एक खेटून उभ्या करते बघ,” म्हणाले. तिचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. हरखून गेली. पहाटे उठून टेकडीवर गेली, ट्रायपॉड रोवला, श्वास रोखून फोटो काढले. क्लबच्या बैठकीत ते पडद्यावर आले, तर प्रत्येकाची डावी बाजू विरघळलेली.

“लेन्स चोख आहे,” सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं. “पोरीचा हात थरथरतो. भूकंपच आहे हा!”

चाळीस माणसं हसली. ते नाव तिथून घरी आणि पुढे सासरीही पोचलं. ‘ट्रायपॉडवर लावली होती’ हे न सांगताच ती लेन्स पिशवीत घालून निघाली. त्यानंतर तिने डोंगराकडे कॅमेरा म्हणून वळवला नाही. आपले हातच वाईट, असं दोन वर्षं मानून बसली.

पुढे ती या दुकानात कामाला लागली. म्हाताऱ्या मेकॅनिकने पहिल्याच दिवशी शिकवलं: कुठलीही लेन्स हाती आली की समोरच्या विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा आणि चारी कोपरे तपासायचे. आतली काच तिरकी बसली असेल तर एका बाजूच्या विटा पुसट येतात. दुसऱ्या दिवशी तिने आपली लेन्स आणली. डावीकडच्या विटा विटा म्हणून ओळखू येईनात.

मेकॅनिकने लेन्स फिरवली. तिच्या बाहेरच्या कड्यावर खूण म्हणून टोकदार काहीतरी ओढून केलेल्या तीन रेघा होत्या. “अरे, ही तर त्या क्लबवाल्या सरांची! हातातून पडली होती त्यांच्या. डावी बाजू गेलीय म्हणून मीच सांगितलं होतं. तशीच घेऊन गेले.”

म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं! तिने डूख धरला तो त्या क्षणी. अर्ध्या तासाची दुरुस्ती, पण तिने ती केली नाही. लेन्स खणात ठेवली. दर पावसाळ्याआधी पुसून घ्यायची, काचेवर बुरशी चढू द्यायची नाही. लोणच्याची बरणी जपावी तसा तिने तो सूड जपला. मेकॅनिक गेला, दुकान तिच्या हाती आलं, खण तसाच राहिला.

आणि एके दिवशी सर स्वतःच्या पायांनी दुकानात आले. काठी टेकत, पण ताठा तोच. त्यांनी तिला ओळखलं नाही.

“गुडघ्यांनी दगा दिलाय,” ते म्हणाले. “मला डोंगरावर जाता येत नाही, तेव्हा आता डोंगरालाच गच्चीवरून जवळ ओढायचं. महिन्याभरात प्रदर्शन आहे. चांगली टेलिफोटो दाखवा.”

तिने दोन खरोखर चांगल्या लेन्स पुढे ठेवल्या. एक त्यांना जड वाटली, दुसरीचं रूप आवडलं नाही. मग तिने खण उघडला. कड्यावरच्या रेघा झाकायला तिने त्यावर नवं रबर कधीच चढवून ठेवलं होतं.

“वा! असलीच एक माझ्याकडे होती,” सर खुलले. “काच म्हणावी तर ही!”

“भिंतीवर तपासून घ्या.”

“बाई, लेन्स कशी निवडावी हे मी लोकांना शिकवतो,” सर नाकाने कांदे सोलत म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं, पण जरा हळूच. ऐकलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. सरांनी ऐकलं नाही.

तीन आठवड्यांनी ते धापा टाकत आले. काखेत फोटोंची गुंडाळी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

“प्रदर्शन चार दिवसांवर आलंय आणि हे बघा! सगळ्यांची डावी बाजू गेलेली. काय लेन्स दिलीत ही?”

तिने एकेक फोटो सावकाश पाहिला. इतकी वर्षं चघळलेलं वाक्य शेवटी ओठांवर आलं.

“लेन्स चोख आहे. तुमचा हात थरथरतोय.”

एक गिऱ्हाईक फिस्कन हसलं. सरांचे कान लाल झाले. “हात? अहो, ट्रायपॉडवर लावली होती!”

“मीसुद्धा ट्रायपॉडवरच लावली होती, सर.”

तिने लेन्स पुढे ओढली आणि नखाने रबर मागे सारलं. खाली तीन रेघा. सरांनी त्यांवरून बोट फिरवलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. कीव येईल असं तिला कधीमधी वाटलं होतं. आली नाही. उलट छातीत गार वाटलं.

“दुरुस्त होईल?” सरांनी विचारलं.

“अर्ध्या तासाचं काम आहे,” ती म्हणाली. पण चिमट्याला हात लावला नाही.

सर टेबलावर वाकले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटले, “तुझा हात स्थिर होता. लेन्सच खराब होती.”

“मोठ्यानं बोला, सर,” ती म्हणाली. “तेव्हा चाळीस जणांना ऐकू गेलं होतं.”