चायना वाजवून थांबायचं

चायना सिंबल घरी आणली त्या दुपारी मी हात सैल सोडून तिच्यावर एकच दणका दिला, आणि बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पायात चप्पल नव्हती.

"कोन हरपलं वं?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाही हरपलं, बाबा. मी वाजवून राहिली."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे जी खिडकी आहे, जिच्यातून आमचं शेत, बोडीची म्हणजे छोट्या तळ्याची पार, तिचा बांध, आणि तिच्या पलीकडचं जंगल दिसतं, तिकडे त्यांची नजर होती.

"मंग थाळी काहून वाजली?"

मी ड्रम वाजवते. भंडाऱ्याच्या एका शाळेत संगीत शिकवते, आणि शनिवारी नागपूरच्या एका हॉटेलात आम्ही चौघं जॅझ वाजवतो. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि मी. आमच्या करडी गावात लोक याला 'पोरगी भांडे वाजवते' असं म्हणतात, आणि मीही आता भांडत नाही. बाबांना विसरायला होऊ लागलं तेव्हा मी नागपूरची खोली सोडून गावी परत आले, आणि धान ठेवायच्या जुन्या खोलीत ड्रम मांडले.

चायना ही बाकीच्या झांजांसारखी नसते. तिचा काठ उलटा वळलेला असतो, चिडलेल्या माणसानं ओठ दुमडावा तसा. साध्या क्रॅश झांजेचा आवाज उजळतो आणि पसरतो. चायनाचा आवाज खरखरत फुटतो आणि लगेच आत ओढला जातो. रॉकवाले तिला नुसतं बडवतात. जॅझमध्ये तिच्याकडून बरंच काढता येतं. काठीच्या टोकानं हलके हलके वाजवत राहिलं तर सॅक्सच्या खाली कोणीतरी कोरड्या पानांवरून चालत असल्यासारखं वाटतं. कापडी गोळ्याच्या काठ्यांनी घोळवली तर आवाज जमिनीतून वर येतो. वाजवून लगेच हातानं धरली तर वाक्य अर्धंच राहिल्यासारखं होतं. मी हे सगळं करायची, आणि एकाच गाण्यात करायची.

आमचे सॅक्सवाले काका रेल्वेतून निवृत्त झालेले. फार बोलत नाहीत, पण बोलले की झोंबतं. ते एकदा म्हणाले, "पोरी, चायना म्हणजे हिंग आहे. तू तिची भाजी करतेस."

मी म्हटलं, "काका, भाजीत काही नसलं तर हिंग तरी घालावा लागतो."

पियानोवाला हसला. काका हसले नाहीत. "तू मारतेस आणि लगेच पुढचं मारतेस. मारल्यावर काय होतं ते ऐक ना एकदा. कशाची घाई आहे?"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो शनिवार मी त्यांच्याशी बोललेच नाही.

बाबांच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला आईनं सांगितला. आमच्याकडे मोह वेचायला, काड्या आणायला माणसं जंगलात जातात, आणि कधीकधी एखाद्याला रानभूल पडते. रोजची वाट, रोजची झाडं, आणि माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो. मग गावातलं कोणीतरी बोडीच्या पारीवर जाऊन काशाची थाळी वाजवतं. हरवलेला माणूस आवाजाच्या दिशेनं येतो. आता मोबाइल आले, पण आत रेंज नाही, म्हणून थाळी अजून घराघरात ठेवलेली आहे. तिचा एक नियम आहे. एक ठोका द्यायचा, तो पूर्ण मरू द्यायचा, आणि मग ऐकायचं. हरवलेला 'ओ' देतो. 'ओ' आला नाही तरच दुसरा ठोका. थाळी वाजत असताना गावात कोणी भांडं आपटत नाही, लेकरांनासुद्धा गप्प बसवतात.

"तुह्या बाबाची मोठी बहीण अशीच गेली होती," आई म्हणाली. "मोह वेचाले. सकाळी गेली थे आलीच नाही."

मला ही आत्या होती हेच माहीत नव्हतं. घरात तिचा फोटो नाही, तिच्या नावानं काही होत नाही. मी बाबांना विचारलं. सकाळचा चहा प्यायला की नाही हे त्यांना आठवत नव्हतं, पण हे त्यांनी सरळ सांगितलं, पायरीवर बसून, शेंगा फोडता फोडता.

"मी लहान होतो. मानसं सारे आत गेले बाईले शोधाले, मी तिले बाईच म्हनो. माह्या हातात थाळी देल्ली अन् पारीवर उभं केलं. मले भेव वाटे. म्हनून मी वाजवतच रायलो. थांबलोच नाही."

"मग?"

"मंग काय. तिनं 'ओ' देल्ला असन. मले आयकू कसा येईन?" त्यांनी शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "खाय."

त्या दिवसापासून मी वाजवायला बसले की बाबा दारात खुर्ची घेऊन बसायचे. तोंड माझ्याकडे नाही, जंगलाकडे. स्नेअर, बास ड्रम, दुसऱ्या झांजा, यांचं त्यांना काही नव्हतं. ते माशाही वारायचे, डुलक्याही घ्यायचे. चायना वाजली की मात्र त्यांची मान ताठ व्हायची. हात वर करून ते मला थांबवायचे. "आयक."

मी थांबायची, पण किती थांबणार? हाताला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत नव्हतं. चायनाचा आवाज विरतो तेव्हा अगदी शेवटी एक बारीक शिट्टीसारखं काहीतरी उरतं. ते धातूचंच असतं. तरी बाबांच्या पाठीकडे बघत ते ऐकताना मानेवर काटा यायचा, म्हणून मी पटकन पुढचं वाजवून टाकायची.

एका दुपारी ते वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"उत्तर आलं होतं," ते म्हणाले. "तू वाजवतच रायली."

मी चिडले. काठ्या फेकल्या. "बाबा, तिथे कोनी नाही. साठ-सत्तर वर्षं झाली."

"असन," ते म्हणाले, आणि पुन्हा जंगलाकडे तोंड करून बसले. आता दोन म्हाताऱ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, आणि मी दोघांवरही रागावले होते.

धान कापून झाल्यावरची गोष्ट. शेतात नुसते खुंट उरले होते. आई रेशन आणायला गेली होती. आम्ही एक नवी संथ चाल बसवत होतो आणि तिच्यात मला चायनावर सलग वाजवायचं होतं, न थांबता, पानांवरून चालण्याचा तो आवाज. हात छान लागला होता. मी डोळे मिटून वाजवत राहिले. डोळे उघडले तेव्हा दारात खुर्ची होती आणि खुर्चीखाली चपला. बाबा नव्हते.

आधी घर बघितलं, मग विहीर. विहिरीत वाकून पाणी बघितलं. मग शेजारचे काका म्हणाले की त्यांनी बाबांना पारीवरून पलीकडे उतरताना पाहिलं. त्यांना वाटलं, परसाकडे चालले असतील.

अर्ध्या तासात गाव जमलं. पोरं मोटरसायकली घेऊन जंगलाच्या तोंडापर्यंत गेली आणि हॉर्न वाजवू लागली. कोणी हाका मारत होतं. तीन घरांतून तीन थाळ्या निघाल्या आणि तिन्ही एकदम वाजायला लागल्या. ढणाढण, ढणाढण. लग्नाच्या वरातीत बरं वाटलं असतं. आई रेशनची पिशवी तशीच खांद्यावर घेऊन उभी होती. ऊन उतरत चाललं होतं. त्या जंगलात अस्वल आहे, वाघ आहे, आणि माझे बाबा अनवाणी गेले होते, माझ्या चायनाला त्यांना ऐकू आलेल्या उत्तराच्या मागे.

मी ओरडले. कशी ओरडले ते गावात अजून सांगतात. "थांबा सगळे! एकानं वाजवा आन् बाकीचे मरा चूप!"

गाव गप्प झालं. मी घरात पळत गेले, स्टँडवरून चायना काढली, तिच्या भोकातून ओढणी ओवून गाठ मारली आणि पारीवर आले. थाळी का घेतली नाही? मला तेव्हा एवढंच वाटलं, की ते या आवाजाला गेले आहेत तर याच आवाजाला येतील.

डाव्या हातात ओढणी उंच धरली आणि काठीच्या जाड बाजूनं काठावर एक ठोका दिला.

आवाज बोडीच्या पाण्यावरून गेला, खुंटांवरून गेला, झाडांत शिरला. मी थांबले. ठोका देऊन थांबणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. उजवा हात स्वतःहून उठत होता. बोंबलत राहावं, वाजवत राहावं, म्हणजे निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं. पारीवर उभ्या केलेल्या त्या लहान पोराला काय झालं असेल ते मला पोटातून समजलं, आणि मला त्याची इतकी दया आली की रडू फुटलं. रडण्याचाही आवाज नको म्हणून मी ओढणीचं टोक दातांत धरलं.

काही नाही आलं. दुसरा ठोका. पुन्हा काही नाही. बगळे उडाले आणि परत बसले.

तिसरा ठोका मी आधीपेक्षा हलका दिला, का ते माहीत नाही. तो विरला, ती बारीक शिट्टी उरली, तीही गेली. आणि मग उजवीकडून, धावड्याच्या झाडांमधून आवाज आला.

"ओ!"

बाबांचाच. आईनं माझा दंड धरला. आणि लगेच, त्याच दिशेनं, त्यापेक्षा बारीक आवाजात दुसरा आला.

"ओ!"

आमच्याकडे प्रतिध्वनी येत नाही. त्या बाजूला डोंगर नाही, सगळं सपाट आहे. पारीवर वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही. शेजारच्या काकांनी डोक्यावरची टोपी काढली. आईच्या बोटांची नखं माझ्या दंडात रुतली होती.

मग बाबा दिसले. झाडांमधून बाहेर आले आणि खुंटांमधून चालत येऊ लागले. हळू, पण न अडखळता. पोरं धावत निघाली होती, ती मध्येच थांबली. का थांबली ते मला बाबा जवळ आल्यावर दिसलं. त्यांचा डावा हात वर होता, खांद्याच्या उंचीवर, मूठ अर्धी मिटलेली. लहान लेकरू मोठ्या माणसाचा हात धरून चालतं तसे माझे शहात्तर वर्षांचे बाबा चालत येत होते.

पारीवर चढून ते माझ्यासमोर उभे राहिले. पायांना काटे लागून रक्त आलं होतं. त्यांनी उजव्या हातानं चायनाचा काठ धरला, आवाज थांबवायला वाजवणारा धरतो अगदी तसा.

"आता नोको वाजवू," ते म्हणाले. "आली बाई."

त्यानंतर ते कधी कुठे गेले नाहीत. जंगलाकडे तोंड करून बसणंही बंद झालं. मी घरी चायना वाजवली नाही. नागपूरला वाजवायची, पण एका गाण्यात एकदाच. ठोका द्यायचा आणि थांबायचं. पहिल्यांदा थांबले तेव्हा बासवाल्याला वाटलं मी चुकले. सॅक्सवाले काका मात्र त्या रिकाम्या जागेत घुसले नाहीत. तेही थांबले. गाणं संपल्यावर म्हणाले, "आज ऐकलंस." काय ऐकायला थांबते ते मी त्यांना सांगितलं नाही. 'मला भीती वाटते, काका,' असं सांगितलं असतं तर ते हसले असते.

या उन्हाळ्यात बाबांचं बोलणं थांबलं. आधी माझं नाव गेलं, मग आईचं, मग शब्दच गेले. खाटेवर पडून छताकडे बघत राहायचे. मी रोज कानाशी तोंड नेऊन हाका मारायची. बाबा, बाबा, बाबा. थांबायचीच नाही. एका दुपारी आईच म्हणाली, "अशानं आयकू येते का त्याइले?"

मी उठले, खोलीतून चायना काढली आणि अंगणात उभं राहून एक ठोका दिला. मग थांबले. आवाज मेला. शिट्टी गेली. शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला.

"ओ," आतून बाबा म्हणाले.

मी धावत आत गेले. ते तसेच पडले होते, डोळे छताकडे. डावा हात मात्र उशीच्या वर उचललेला होता, मूठ अर्धी मिटलेली. मी खाटेशी गुडघे टेकले आणि त्या मुठीत माझी बोटं सरकवायला गेले. बाबांनी मूठ आवळलेली नव्हती, सैलच होती. पण माझ्या बोटांना आत जागा नव्हती.