साक्षीदाराच्या जागेवरची सही

आमचे धाकटे दीर एकनाथराव नामपल्लीच्या कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल मांडून बसायचे. डावा पाय लहानपणीच्या तापात अधू झालेला. संध्याकाळी गिटार घेऊन सिकंदराबादला जायचे, तेलुगू पोरांच्या रॉक बँडमध्ये वाजवायला. पन्नाशीत हे काय, असं मी विचारलं की म्हणायचे, "वहिनी, तुमच्या भजनात तरी मला कोण घेतंय?"

तेलंगणाच्या आंदोलनात एकदा कडक बंद होता. बस नाही, ऑटो नाही. भावोजी गिटार पाठीला लावून तलावाकाठच्या टँकबंडवरून चालत निघाले. एक पाऊल लांब, एक आखूड, मध्येच दम खायला थांबणं. पोचले तोवर त्याच लंगड्या ठेक्यावर चाल तयार. गाणाऱ्या श्रीहरीनं त्यावर शब्द बसवले. दोन वर्षांत कॉलेजाकॉलेजांत तेच वाजायला लागलं.

मग म्युझिक कंपनीचा कागद आला, गाणं कुणी केलं त्याचा. वर, गाणं करणाऱ्याच्या जागी, श्रीहरीनं सही केली आणि कागद भावोजींकडे सरकवला. त्यांचा हात सरळ खाली गेला, साक्षीदाराच्या जागेवर. कोर्टाबाहेर लोकांच्या कागदांवर तीस वर्षं रोज तिथंच सही केलेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही.

चौदा साली राज्याचे दोन तुकडे झाले. श्रीहरी विजयवाड्याला गेला, फोन उचलेनासा झाला. एके सकाळी मी फुलं निवडत होते, तर एफएमवर तोच बोलत होता. गाणं म्हणे त्याला रेल्वेच्या चाकांवरून सुचलं.

भावोजी गुडघा चोळत म्हणाले, "वहिनी, रेल्वे कधी लंगडते का?"

आपलं नाव गाण्याला लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही ओळखीच्या हिम्मतराव वकिलांकडे गेलो.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग एकनाथराव, गाणं त्याचं आहे याची साक्ष तुम्हीच दिलीत. बाकीची पोरं?"

"ती म्हणतात, काका, आम्हाला यात ओढू नका."

वकिलांनी कागद परत दिला. मी मनात म्हटलं, दत्तात्रेया, तू पाहिलंस सगळं, पण तुझी सही इथं चालत नाही.

परतताना ऑटोवाल्यानं तेच गाणं लावलं.

"क्या गाना है ना, अंकल? विजयवाडावाले का है."

मी तोंड उघडलं. भावोजींनी मानेनंच नको म्हटलं.

"हौ, अच्छा है," ते म्हणाले.

ड्रायव्हर हँडलवर ठेका धरत होता, सरळ, चुकीचा. भावोजी बाहेर बघत राहिले.