सापडेलताईंचे अकरा व्यवहार

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे सापडेलताई म्हणत. एखादा विद्यार्थी रडवेलं तोंड करून यायचा, "कॉम्प्युटर म्हणतो पुस्तक आहे, कपाटात तर नाही." ताई चष्मा वर सरकवत उठायच्या आणि म्हणायच्या, "सापडेल." आणि सापडायचंच. पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून मुलं ते कुठे दडवतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. परीक्षा आली की अर्थशास्त्र शब्दकोशांच्या मागे, कारण तिकडे कुणी फिरकत नाही. ग्रंथपाल मी. पदवी माझ्याकडे, नजर त्यांच्याकडे.

यंदा कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाचा नवा फॉर्म आला. शंभरातले साठ गुण कॉम्प्युटरवर ज्याच्या नावाने जितकी पुस्तकं दिली-घेतली, त्यावर. चाळीसच्या खाली गेलात तर कंत्राट संपलं. ताई एकोणीस वर्षं कंत्राटावरच होत्या. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर.

आकडे आले. काउंटरवरच्या कारकुनाच्या नावावर चौदा हजार व्यवहार, ताईंच्या नावावर अकरा.

हा घोळ माझा होता. सकाळी कारकून त्याच्या नावाने कॉम्प्युटर उघडायचा आणि दिवसभर जो बसेल तो त्यावरच काम करायचा. "सारखं नाव बदलत बसू नका, रांग खोळंबते," हे फर्मान मीच काढलं होतं. कारकून इकडेतिकडे गेला की ताई बसत, आणि तो बराच इकडेतिकडे जायचा. उरलेल्या वेळात त्या पुस्तकं शोधत. त्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

एकच जागा होती: "वर्षभरात केलेले विशेष काम", स्वहस्ते लिहायचं. ताईंनी लिहिलं होतं, "विशेष काही नाही. रोजचंच."

"अहो ताई, हे काय लिहिलंत?" मी जवळजवळ ओरडलोच. "हरवलेली पुस्तकं शोधता, ते लिहा की!"

"ती हरवलेली कुठे असतात, सर? इथेच तर असतात."

"तरी लिहा. किती शोधली तेही लिहा."

"मोजली नाहीत कधी. उगाच आकडा टाकला तर खोटं नाही का होणार?"

मी कपाळाला हात लावला. शेवटी माझा मान राखायचा म्हणून त्यांनी एक ओळ वाढवली, "पुस्तके शोधून देते."

मी मूल्यमापन समितीपुढे गेलो. कारकूनही आला बिचारा. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या नावावरचे निम्मे व्यवहार ताईंचे आहेत. माझे गुण कापा."

"निम्मे म्हणजे नक्की किती?" अध्यक्षांनी शांतपणे विचारलं. "एकाला भावनेपोटी गुण दिले, तर बाकीच्यांवर अन्याय होतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण पूर्वी मर्जीतल्या लोकांनाच चांगले शेरे मिळत. आकड्यांवर चालणारा फॉर्म आणा, म्हणून सर्वांत जास्त घसा मीच कोरडा केला होता.

ताईंना चौतीस गुण पडले.

शेवटच्या दिवशी त्या कारकुनाला कपाटांमधून फिरवून दडवायच्या जागा दाखवत होत्या. त्याने चार-पाच लिहून घेतल्या, मग जागा संपेनात तसा त्याचा पेनच थांबला. पाच वाजता त्यांनी रोजच्यासारखे पंखे बंद केले. "येते, सर," म्हणाल्या. मी नुसतीच मान हलवली. माफी मागायची राहूनच गेली.

आठ दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. सगळ्यांचं काम एकाच नावावर पडतं, ही मी समितीपुढे मांडलेली तक्रार मान्य झाली होती. यापुढे प्रत्येकाने आपल्याच नावाने काम करायचं. सोबत प्रत्येकाच्या नावाचं आणि पासवर्डचं पाकीट होतं. एक ताईंच्या नावाचंही निघालं. ते मी खणात ठेवून दिलं.

त्याच दुपारी एक मुलगी आली. कॉम्प्युटर म्हणतोय पुस्तक आहे, कपाटात नाही. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "सापडेल." मी आणि कारकून तास-दीड तास शोधत राहिलो. शब्दकोशांच्या मागे पाहिलं, जिन्याखालच्या रॅकमध्ये पाहिलं. बंद करायची वेळ झाली.

"उद्या ये," मी म्हणालो.

तिने दप्तर खांद्याला लावलं. "उद्या ताई असतील ना?"