घोटभर पाण्याची शिकवणी

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. खऱ्या नावाने हाक मारली असती तर तो मागे वळला असता की नाही, शंकाच आहे. चालत्या ट्रॅक्टरवरून शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या तर इंजिन बंद करावं लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या ट्रॅक्टरचा हॉर्न कित्येक वर्षांपूर्वी मुका झाला होता आणि तो दुरुस्त करून घ्यावा असं घरात कोणालाच वाटलं नाही.

चालवणारा मात्र एक नंबर. त्याची नांगरट बघायला जाणारी-येणारी माणसं बांधावर थांबायची. भरलेली ट्रॉली तो मागच्या मागे अशा फटीतून आत घालायचा की दुसऱ्याने तिथून बकरी नेतानाही विचार केला असता. स्टेअरिंगवर हात ठेवला की सोनं, आणि शिकवायला उभा राहिला की माती. कारण शिकवणं म्हणजे बोलणं आणि चांगलं शिकवणं म्हणजे न थांबता बोलणं, अशी त्याची ठाम समजूत होती. अशी माणसं घरोघरी असतात म्हणा. पण त्यांच्या तावडीत सापडलेलं पोर निदान ट्रॅक्टरवर बसलेलं नसतं.

थोरला हाताशी आला तेव्हा भोंग्याने त्याला रिकाम्या शेतात नेऊन सीटवर बसवलं आणि तोंड उघडलं. "क्लच दाब. समोर बघ. अरे मागे कोण बघणार? पाय कुठाय तुझा? पायाकडे काय बघतोस, समोर बघ म्हटलं ना." एवढ्या हुकमांतला कुठला आधी पाळायचा हे ठरवेपर्यंत पोरगं कोंबड्यांच्या खुराड्यातून आरपार गेलं. सुदैवाने कोंबड्या अंगणात चरत होत्या, म्हणून वाचल्या. पण त्यांनी असा रुसवा धरला की पुढे बरेच दिवस अंडी काही दिसली नाहीत. भोंग्याचा निष्कर्ष एकच: पोराचं लक्ष नव्हतं.

हा सोहळा मधल्याने माळ्यावरून पाहिला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सरळ सांगितलं की मला सायकल बरी. आता थोरला शहरात पडद्यांच्या दुकानात आहे आणि मधला वाचनालयात. तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, "शांतता राखा". पगार बेताचा आहे, पण जागा सोडवत नाही, असं तो सांगतो.

राहिली धाकटी, बऱ्याच वर्षांनी झालेली. ती बारा वर्षांची झाली आणि त्याच सुमाराला भोंग्याच्या खुब्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, पण त्यानंतर ट्रॅक्टरवर चढणं विसरा. शेताचं काही अडणार नव्हतं, भाड्याचा ड्रायव्हर मिळत होता. भोंग्याला खात होतं ते वेगळंच. तीन पोरांतलं एक तरी आपल्या हाताखाली तयार व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. दोन हातची गेली होती. ही शेवटची.

"धाकटीला शिकवतो," तो जेवताना म्हणाला. म्हणजे त्याच्या मते म्हणाला. ते शेजारीही ऐकू गेलं.

बायकोने पोळी उलटली आणि शांतपणे विचारलं, "आणि मग ही कुठल्या दुकानात जाणार?"

भोंगा गप्प झाला. ही घटना इतकी दुर्मीळ होती की धाकटीने ताटातून वर पाहिलं.

"शिकवा ना," बायको पुढे म्हणाली. "पण माझी एक अट आहे. ती चालवत असेल तोवर तुम्ही तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाही. तिच्या जिवावर बेतेल असं दिसलं तरच थुंकायचा. एरवी थुंकलात तर शिकवणी तिथेच बंद, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"मग शिकवू कसा? डोळ्यांनी?"

"हात दिलेत की देवाने. पंजा वर केला की थांबायचं. बाकी जे सांगायचं ते चावी खिशात घालून, आधी सांगा."

हसावं की चिडावं हे भोंग्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. पण अट मान्य केली. न करून सांगतो कोणाला?

एका गोष्टीत मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. ट्रॅक्टरवर सीट एक, म्हणून माणूसही एकच. मडगार्डवर बसायला त्याने बायकोलाही कधी दिलं नव्हतं. धाकटीचा पाय क्लचवर पुरेना म्हणून त्याने सीट पुढे ओढून पाठीमागे फळी लावली. पायाने क्लच तळापर्यंत दाबला जातोय हे बघितल्याशिवाय चावी दिली नाही. गिअर सर्वांत हळू, मागे काही जोडलेलं नाही, आणि शेतात आधी एक फेरी मारून कोणी माणूस, जनावर नाही याची खात्री. पहिल्या दिवशी तर त्याने तिला फक्त इंजिन बंद करायला शिकवलं. पुन्हा पुन्हा. सुरू करणं कोणालाही जमतं, असं म्हणाला. हे सगळं पाणी तोंडात घेण्याआधी, अर्थातच मोठ्या आवाजात.

मग तो घोट घेऊन बांधावर, तिला समोरून दिसेल असा उभा राहिला.

गाल फुगवून उभ्या असलेल्या त्या माणसाला पाहून रस्त्याने जाणारा दूधवाला थांबला. "दाढ दुखते का?" त्याने विचारलं. भोंग्याने मान हलवली. "मग काय झालं?" भोंग्याने पुन्हा मान हलवली. दुपारपर्यंत भोंग्याची वाचा गेल्याची बातमी सर्वत्र झाली. दोन बायका विचारपूस करायला येऊन गेल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख काही दिसत नव्हतं.

पहिले काही दिवस त्याने नाही नाही ते सोसलं. तिने गिअर घातला की घशात शब्दांची गर्दी व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, कान लाल व्हायचे. एकदा ठसका लागून घोट नाकातून आला. तो थुंकण्यात धरायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी बायकोने उदार मनाने माफ केलं. पोरगी मात्र चालवत होती. धक्के बसत, इंजिन बंद पडे. ती खाली बघे, विचार करी, पुन्हा चावी फिरवी. आपलं आपण बोलत असे. काय बोलते ते भोंग्याला ऐकू येत नसे, आणि हेही त्याला नवीनच होतं. आजवर त्याला दुसऱ्याचं ऐकायची सवड मिळालीच नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी थोरला आला. त्याच दिवशी धाकटीला रिकामी ट्रॉली मागे घेत शेडमध्ये लावायची होती. हे काम भल्याभल्यांना घाम फोडतं, कारण ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. बायकोने शेडमध्ये कोणी नाही ते पाहिलं आणि ती भोंग्याशेजारी येऊन उभी राहिली. थोरला तिच्यामागे.

ट्रॉली निघाली आणि लगेच वाकडी झाली. कोपऱ्याच्या विटा जवळ येऊ लागल्या. भोंग्याचा पंजा कमरेपर्यंत आला. घोट ओठांपर्यंत आला. विटा आहेत, तो मनात म्हणाला. नुसत्या विटा आहेत. पंजा तिथेच राहिला. ट्रॉलीचा कोपरा भिंतीला घासला, एक वीट खाली पडली आणि धाकटीने इंजिन बंद केलं. चावी काढून ती उतरली. ट्रॉलीभोवती फिरली. भिंत पाहिली. वीट उचलून बाजूला ठेवली.

"लवकर फिरवलं मी," ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, आणि पुन्हा वर चढली.

दुसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्यांदा ट्रॉली शेडमध्ये अशी गेली की भोंग्याला काही बोलायचं सुचलंच नाही. त्याच्या लक्षात आलं की तोंड कोरडं आहे. घोट केव्हाच पोटात गेला होता, आणि तरी तो बोललेला नव्हता.

धाकटीने ट्रॅक्टर बाहेर काढला, बंद केला, चावी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "बाबा, मागे घेताना तुम्ही चाकाकडे बघता की कोपऱ्याकडे?" तिन्ही पोरांत त्याला कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. आजवर त्यांनी विचारायच्या आतच त्याने सांगितलेलं असायचं. त्याला इतका आनंद झाला की उत्तर देताना तो चक्क अडखळला.

थोरला चुळबुळत होता. "मी बसून बघू?" त्याने विचारलं.

पडद्यांच्या दुकानातला तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. भोंग्याने चावी दिली.

थोरल्याने क्लच दाबला, चावी फिरवली, आणि इंजिनने आवाज केला तशी त्याची मान खांद्यांत गेली. पार आत. कोणी त्याला काही बोललेलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला, गिअर न घालता, पुढचं ऐकण्याची वाट बघत.

"याची मान लहानपणापासून आखूडच," भोंगा पुटपुटला.

"दुकानात जाऊन बघा कधी," बायको म्हणाली. "चांगली लांब आहे."

भोंग्याने पुन्हा त्या मानेकडे पाहिलं. कोंबड्या विसरल्या होत्या, खुराडं नवं बांधून जुनंही झालं होतं, आणि हा अजून तिथेच बसला होता. लाज वाटली त्याला. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी हेही कळेना.

तो लंगडत ट्रॅक्टरजवळ गेला. त्याने वर पाहिलं, तशी मान आणखी आत गेली.

"सावकाश जा," भोंगा म्हणाला.

इंजिनच्या आवाजात ते कुठेच पोचलं नाही.

"काय म्हणालात?" थोरल्याने विचारलं.

भोंग्याने तेच, तेवढ्याच हळू पुन्हा सांगितलं. थोरल्याला ऐकू येईना. तो ऐकण्यासाठी सीटवरून बापाकडे वाकला, आणखी वाकला, आणि त्याची मान खांद्यांतून बाहेर आली.