लिंबावरचा कावळा

खुटबावच्या बानूबाईला एक खोड लागली होती. उठता-बसता आपला हात नाकाशी न्यायची, हुंगायची आणि शेजारणीला शिसारी यावी असं तोंड वाकडं करायची.

त्याला कारण होतं. दोन हजार साल लागलं आणि तिच्या सासूच्या, म्हाळसाबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, सगळे विधी अंथरुणात. बानूबाई धुवायची, पुसायची, फिनेल ओतायची, हाताला लिंबू चोळून चोळून कातडी सोलायची. पण भाकरी थापायला बसली की पिठातनं तोच वास. घास तोंडात फिरायचा, घशाखाली उतरायचा नाही.

त्यात भेटायला येणारे! केळी घेऊन यायचे, उंबऱ्यातच नाकाला पदर लावायचे, चहा मात्र बशी निथळेपर्यंत प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "लई पुण्य लागंल बाई तुला." बानूबाईच्या अगदी ओठावर यायचं, 'निम्मं घेऊन जा की घरी, केळ्याची पिशवी रिकामीच हाय.'

नवरा मच्छिंद्र गुऱ्हाळाचा गडी. उकळत्या काहिलीसमोर दिवसभर उभा राहील, पण आईच्या खोलीत जा म्हटलं की याला गावात कुठलं तरी मयत नाहीतर मीटिंग निघायची.

सुटका एकच होती, आणि ती सासूनंच करून ठेवलेली. म्हाळसाबाई सोवळ्याची भारी कडक. कावळा शिवलेल्या सुनेची सावलीही तिनं उभ्या जन्मात अंगावर पडू दिली नाही. वारं गेल्यावर बोलणं जवळजवळ गेलं, तरी "लांब व्हय!" तेवढं जिभेवर शाबूत राहिलं. त्यामुळं बानूबाई 'बाहेरची' झाली की बादली मच्छिंद्रच्या हातात. बानूबाई गोठ्याच्या कडेला लिंबाखाली वाकळ टाकायची, कोरडी भाकरी आणि ठेचा खायची, आणि म्हैस रवंथ करते तशी निवांत पडायची. हाताला तेवढे दिवस नुसता शेणाचा वास. तो तिला अत्तरासारखा वाटायचा.

आता बाईमाणसाचं वय काही थांबत नाही. पन्नाशी जवळ आली आणि कावळा यायचा बंद झाला. दुसऱ्या बाया अशा वेळी सुटलो म्हणतात. ही चुलीपुढं बसून रडली. आणि पुढच्या महिन्यात, डोळ्यांतलं पाणी पुसून, गुमान वाकळ उचलून गोठ्यात गेली.

असं वर्षभर बिनबोभाट चाललं. पण एकदा सकाळी सासूचं धुताना तिला अशी मळमळ सुटली, की पाळीबिळीचा हिशोब राहिला नाही. हात धुतले, वाकळ काखेत मारली आणि सरळ लिंबाखाली.

नेमकी त्याच दिवशी भांडगावची नणंद अनसाबाई आली. नवी साडी, केसात गजरा. लिंबाखाली भावजय बघून दारातच थबकली.

"वयनी, मी पंधरा दिसांमागं आले तवाबी तुम्ही बाहेरच व्हता की! आवं, पन्नाशीला आला, अजून कावळा दम खाईना व्हय?"

मच्छिंद्र बादली घेऊन उभा. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हंजी? हिनं मला येडा केला?"

कावळा खोटा ठरला तर ही वाकळ, हा लिंब, हा वास नसलेला घास, सगळं कायमचं गेलं. बानूबाईनं मान खाली घातली आणि सवयीनं हात हुंगला.

"बोल की!" मच्छिंद्र ओरडला.

तेवढ्यात खोलीतनं आवाज आला. जड, ओढलेला, पण म्हाळसाबाईचाच.

"शि... शिवला."

सगळे खिडकीशी धावले. म्हातारीनं धडका डावा हात उचलला आणि लिंबाकडं बोट केलं.

"म्या... बघितला. कावळा."

लिंबावर तर चिमणीसुद्धा नव्हती. पण आईला खोटं कोण म्हणणार? सोवळ्याचा कायदा तिचा, साक्षही तिचीच.

म्हातारीची नजर मग लेकीकडं वळली. नव्या साडीवर, गजऱ्यावर, नाकाला लावलेल्या पदरावर. तोंड वाकडं झालेलं होतंच. ते आणखी वाकडं झालं.

"अनशे... तू धू."

"म्या?" अनसाबाईचा आवाज चिरकला. मच्छिंद्रनं बादली तिच्या हातात दिली, आणि जन्मात कधी दाखवली नव्हती इतक्या चपळाईनं गुऱ्हाळाकडं निघून गेला.

आतनं पाण्याचा आवाज आला, मग "शी! शी गं बाई!", मग ओकारी.

लिंबाखाली बानूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, चावला. वन्संची दुसरी ओकारी ऐकू आली तेव्हा ती वाकळंवर कुशीला वळली होती.