मूठ घट्ट धरा, मामा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तशीच उभी... त्याला आता महिना होत आला. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येकजण एकच सांगतो. किती निर्मळ माणूस, पोरांच्या कानातून नाणी काढून हसवायचा, आयुष्यात कुणाविषयी मनात काही धरलं नाही. मी मान हलवते, चहा पुढं करते आणि मनात म्हणते, बाबा रे, तुला काय माहीत. माझ्या दादानं मनात धरलं होतं, आणि चांगलं घट्ट धरलं होतं. नाण्याची ती जादू तो शिकला तोच मुळी सूड उगवायला. पोरं हसायला लागली ती मागाहून. त्याचं चांगलं सांगायचं तर मला आधी हे सांगितलं पाहिजे.

लोहाऱ्यात आमच्या वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान होतं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. त्याचा हाली रुपया बाजारातून उठत चालला होता, जिकडंतिकडं भारत सरकारचा कलदार रुपया. पण आप्पांनी चारमिनारचे चांदीचे हाली रुपये जपून ठेवले होते; शुभकार्याला चांदीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कळंबच्या एका आडत्याच्या घरी माझं जमलं. साखरपुड्याला आप्पांनी नवरदेवाला टिळा लावला आणि ताटात हाली रुपया ठेवला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, तो उचलला, फरशीवर आपटून वाजवला आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "हे निजामाचं ठिकरं आमच्या घरात चालत न्हाय. भिकाऱ्याला घाला." आप्पा काय बोलणार? जमलेलं मोडलं तर पोरीला पुन्हा कोण विचारतंय, ही धास्ती. त्यांनी हात जोडले, चुकलं म्हणाले. गावात ज्याच्या शब्दावर भांडणं मिटायची, तो माणूस स्वतःच्याच घरात त्या उर्मटापुढं वाकून उभा... मी दाराआडून बघत होते. आजही आठवलं की अंगाची लाही होते. पाहुणे गेल्यावर दादा तो रुपया उचलून मला म्हणाला, "शांते, ह्या माणसापुढं आप्पांचे हात पुन्हा जोडू देणार न्हाय मी. अन् हाच रुपया त्याच्या डोक्यातनं काढतो का न्हाय बघ." मला वाटलं, रागानं काहीतरी बोलतोय.

दुकानाला लागून इस्माईलचाचांचं शिलाईचं मशीन होतं. तरुणपणी हैदराबादेत असताना त्यांना नाण्यांच्या करामतींचा नाद लागला होता, कधी ईदेला आम्हां पोरांना करून दाखवायचे. दादा त्यांच्याकडं जाऊन बसला. लग्नाची तिथ तुळशीच्या लग्नानंतरची, तोवर त्याला शिकायचंच होतं. नाणं तळव्यात ठेवायचं, अंगठ्याखालच्या गादीनं धरायचं आणि बोटं अशी मोकळी सोडायची की हात रिकामाच वाटला पाहिजे. ऐकायला सोपं. दादाचा हात आखडायचा, पांगळ्यासारखा दिसायचा. चाचा म्हणाले, "पकडके भूल जा बेटा. खाना खा, पुड्या बांध, सब कर." मग काय, हा पठ्ठ्या दिवसभर रुपया तळव्यात धरून गूळ फोडतोय, दोरा गुंडाळून पुड्या बांधतोय. एकदा गिऱ्हाईकासमोर रुपया तेलाच्या डब्यात पडला आणि आप्पांनी त्याला उभा-आडवा घेतला. जेवणं झाली की तो मला समोर बसवायचा आणि माझ्या कानामागून रुपया काढायचा. मी म्हणायचे, दिसला. पुन्हा काढायचा. पुन्हा दिसला. चुकत होतं ते हाताचं नव्हतंच. रुपया ज्या हातात, त्याच हाताकडं दादाची नजर जायची. हे चाचांच्या ध्यानात आलं. "हाताकू नको देखो. तू जिधर देखता, लोगां बी उधरिच देखते." त्यानंतर काही दिवसांनी मला रुपया दिसेनासा झाला.

लग्नात होमापाशी कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळा म्हणतो, आणि नवरदेव त्याला पोशाख देतो. दादा आला, यांचा कान पिळला आणि कानातून हाली रुपया काढला. मांडव हसला. दुसरा कान पिळला, दुसरा रुपया. मग तो सरळ मामंजींपुढं गेला, त्यांच्या पटक्याला हात लावला आणि तिसरा काढला. "मामा, हे ठिकरं तुमच्या घरात चालत न्हाय म्हनला व्हता ना? हितं तर बापाच्या डोक्यात अन् लेकाच्या कानात भरलंय. वाजवून बघा, खरं हाय का." वऱ्हाडी मंडळीसुद्धा पोट धरून हसली. मामंजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. होमाच्या धुरात बसून मी नवरी मुंडावळ्यांआड हसत होते, आणि मला ते हसू आजही गोड लागतं.

त्याची भरपाई मामंजींनी माझ्याकडून करून घेतली. पंचमी आली, माहेरी पाठवलं नाही. दिवाळी आली, नाही. दादा मुराळी म्हणून न्यायला यायचा, मामंजी त्याला ओट्यावर ताटकळत ठेवायचे आणि शेवटी म्हणायचे, "जादूगार हायेत न्हवं तुमी? करा की बहिनीला गायब अन् न्या." आत चुलीपुढं मला ऐकू जाईल असं म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात आप्पांनी अंथरूण धरलं. शांतीला आणा, एवढंच म्हणत होते. दादा दोनदा आला, दोनदा रिकामा गेला. दुसऱ्या वेळी तो जाताना मी खिडकीतून बघितलं, तो रडत नव्हता. ओट्यावरच्या माणसांकडं एकेक करून नीट बघत होता.

तिसऱ्यांदा आला तो बाजारच्या दिवशी. मामंजींच्या पायाला हात लावून म्हणाला, "मामा, चारचौघांत तुमची चेष्टा केली. आज चारचौघांतच ती करामत कशी करतेत ते उघडं करून दाखवतो. मग तुमी मला हसा." मामंजी खूश. हमाल बोलावले, शेजारी बोलावले, घरातल्या बायकांनाही बाहेर या म्हणाले. दादानं एकेकाच्या कानातून रुपया काढला. माझ्यापाशी आला, कानाशी हात नेताना वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "मागल्या दारी चाचा टांगा घेऊन हायेत." मग त्यानं मामंजींच्या हातावर रुपया ठेवला. "मूठ घट्ट धरा, मामा. सुटली की खेळ बिघडला." झाडून सगळे त्या मुठीकडं बघायला लागले. मी हळूहळू मागं सरकले. उंबऱ्यापाशी यांनी मला बघितलं... एक क्षण बघितलं, आणि पुन्हा वडिलांच्या मुठीकडं तोंड फिरवलं. त्या एका गोष्टीवर मी यांच्याशी जन्मभर संसार केला. टांगा, मग धाराशिवची गाडी, मग लोहारा. पुढचं मला यांनीच सांगितलं. दादानं मंत्र म्हटल्यासारखं करत बराच वेळ काढला, मग मूठ उघडायला लावली. रुपया जागेवर. मामंजी गरजले, "नाणं तर हाय की रं हितंच."

"हायच," दादा म्हणाला. "मी नाणं न्हवतं गायब केलं."

मामंजींनी त्याच्या कानाखाली वाजवली. दादा म्हणायचा, तशी गोड चापट आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

मी आप्पांच्या उशाशी बसले आणि ते उठून पेज पिऊ लागले. इकडं मामंजींचा निरोप आला, सून एकटी आली तर ठीक, न्हायतर कायमची तिकडंच. मी उलट निरोप धाडला, न्यायला स्वतः या. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, एक दादा सोडून. तो म्हणाला, "येतंय बघ म्हातारं." आणि मामंजींना यावं लागलं, कारण कळंबच्या बाजारात त्यांचं जगणं मुश्कील झालं होतं. मापं घालताना कोणी म्हणायचं, शेठ, पोत्याकडं ध्यान ठिवा, सुनंवानी जाईल. भर पावसात एक दिवस मामंजी आमच्या दारात उभे राहिले. आप्पा खाटेवर उठून बसले. व्याही दारात आला, त्यात पोरीच्या बापाची जुनी खोड, त्यांचे दोन्ही हात आपसूक वर आले, जुळायला लागले... दादा शेजारीच होता. त्यानं आप्पांचे दोन्ही हात आपल्या दोन हातांत धरले आणि मांडीवर दाबून ठेवले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मामंजी ओलेचिंब उभे, आणि दादा काही हात सोडेना. शेवटी मामंजींनीच हात जोडले. म्हणाले, "सुनंला न्यायला आलोय. चुकलं." मी आतून म्हणाले, "बसा ओट्यावर. चहा टाकते." आणि चुलीतला जाळ मुद्दाम बारीक केला.

दादा जाण्याच्या आधी आठ-दहा दिवस मी त्याला भेटायला गेले होते. बोलणं मंद झालं होतं, हात पांघरुणावर पडलेले. गीतेची कॅसेट लावली होती कुणीतरी, सुनेची हौस. त्यानं ती बंद करायला लावली आणि मला जवळ बोलावलं. मामंजी जाऊन किती काळ लोटला, तरी तेच विचारलं.

"शांते, म्हाताऱ्याला माफ केलंस का गं?"

मी खरं सांगितलं. "न्हाय."

"मीबी न्हाय," म्हणाला, आणि समाधानानं कूस बदलून झोपला.