पुढे चाक नसलेलं वळण

इसाओ कुसुनोकी बावीस वर्षं जपानमधल्या केइरिन या सायकल शर्यतींत सायकल मारतो आहे आणि जवळजवळ सगळी वळणं त्याने दुसऱ्याच्या मागच्या चाकाकडे बघत घेतली. त्याचं कामच ते. एका भागातले खेळाडू शर्यतीत रांग लावतात. तरुण पुढे राहून वारा कापतो, जुना त्याच्या मागे राहून त्याला राखतो. शेवटच्या वळणात कोणी बाहेरून पुढे येऊ लागला, की कुसुनोकी बाहेरच्या बाजूला उंच होत जाणाऱ्या, कललेल्या धावपट्टीवर वर सरकून त्याची वाट अडवायचा. यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी, जपानमधल्याच कोचीला, त्याच्या शर्यतीत शिकोकूचा, म्हणजे त्याच्या भागातला, दुसरा कोणीच नव्हता. पहिल्या दोघांत आला नाही, तर गुणांची सरासरी घसरून परवाना जाणार होता. आदल्या दिवशी खेळाडू आम्हा बातमीदारांना आपली रांग सांगतात. तो म्हणाला, "एकटाच. पुढून जाईन. पण वळणात बघायचं कुठे?"

गुरू निइमोतोंनी त्याला सांगितलं होतं, "वळण संपतं तिथे बघ. नजर जाईल तिकडे सायकल जाते."

कुसुनोकीच्याच तुकडीत शिकलेला ओकायामाचा सेओ दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध होता. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "आतल्या रेषेकडे बघ, कुसू. लांब बघशील तर वर वाहवशील."

"गुरुजी उलट सांगतात."

"गुरुजींना जवळचं दिसतं कुठे आता?"

शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि कुसुनोकी पुढे निघाला. शेवटच्या वळणात शिरला तेव्हाही तोच पहिला होता. त्याने लांब बघितलं, मग रेषेकडे, मग परत लांब. तेवढ्यात उजवीकडे, बाहेरच्या बाजूला, चाकाची घरघर ऐकू आली. तो वर सरकला. बाहेरचा अडला, अगदी चोख. आतली वाट मात्र मोकळी पडली. तिथून सेओ गेला, त्याच्यामागे आणखी दोघे. कुसुनोकी चौथा आला.

कपडे बदलायच्या खोलीत सेओने विचारलं, "राखत कोणाला होतास रे? पुढे कोण होतं?"

"तेच आठवतोय."

"गुरुजींना सांग, वाहवलो."

"वाहवलो नाही. मीच गेलो वर." कुसुनोकीने चाकं काढून सायकल पिशवीत भरली, मग पिशवीची झिप अर्ध्यावरच सोडून बसून राहिला. "पण का गेलो?"

सेओने झिप पूर्ण ओढली.